ग्रंथदानाची नवी वाट : मुक्त पुस्तकांची डिस्क

पूज्य बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ उभारले ते ग्रंथांसाठी. तो वारसा, जेथे इंटरनेट नाही अशा घरीही, एका डिस्कवरून नेता येतो.

आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षांनी त्याचे प्रकाशित ग्रंथ सर्वांचे होतात. महात्मा फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३), १९४७ साली दिवंगत झालेल्या धर्मानंद कोसंबींचा ‘भगवान बुद्ध’, बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले ग्रंथ आज मुक्त आहेत. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर निघालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा मूळ इंग्रजी ग्रंथ २०१८ पासून मुक्त झाला. अनुवादाचा हक्क मात्र स्वतंत्र असतो; तो तपासल्यावाचून अनुवाद घेऊ नये.

प्रोजेक्ट गुटेनबर्गने २००३ मध्ये ६०० पुस्तके एका सीडीवर दिली. सीडीत सुमारे ७०० एमबी, डीव्हीडीत ४.७ जीबी मावते. अक्षररूप पुस्तके थोडी जागा घेतात, पानांची छायाचित्रे पुष्कळ. इयत्तावार फोल्डर करावेत, आरंभी सूची ठेवावी, डिस्क तयार झाल्यावर प्रत्येक पुस्तक उघडून पाहावे. डिस्क न चालणाऱ्या संगणकांसाठी तोच संच पेनड्राइव्हवर द्यावा.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या विहारास असा एक संच द्यावा, ही आमची नम्र विनंती.