परळच्या कचेरीतून कौन्सिल हॉलकडे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव भारतीय राज्यघटनेशी असे एकजीव झाले आहे, की १९२३ ते १९३९ या काळात ते मुंबई इलाख्यातील एक वकील, प्रांतिक विधिमंडळाचे सभासद आणि एका लहानशा पक्षाचे पुढारी होते, ही गोष्ट सामान्य वाचकाच्या सहसा ध्यानात राहत नाही. माझी अशी निश्चित समजूत आहे, की पुढे घटनासमितीत जो मसुदाकार देशाला दिसला तो याच सोळा वर्षांत घडला. गावच्या चावडीवरचे गाऱ्हाणे ऐकावे, ते कोणत्या कायद्याच्या आधाराने उभे आहे ते शोधावे आणि मग त्या कायद्यालाच हात घालावा, ही त्यांची कार्यपद्धती या काळात सिद्ध झाली.

लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर होऊन ते १९२३ च्या एप्रिलात मुंबईस परतले, तेव्हा हायकोर्टाची सनद काढण्यापुरता पैसाही गाठीला नव्हता. नवल भथेना या पारशी स्नेह्याने ती नड भागविली. त्या काळी मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत बॅरिस्टराला काम मिळायचे ते सॉलिसिटरच्या मार्फत, आणि अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेल्या बॅरिस्टराच्या हाती कागद सोपविण्यास सॉलिसिटर मंडळी धजत नसत. म्हणून त्यांनी अपील शाखा धरली, जेथे जिल्ह्यांतून आलेला पक्षकार स्वतःच वकीलपत्र देऊ शकत असे. परळच्या दामोदर हॉलमध्ये, गिरणगावाच्या ऐन वस्तीत, त्यांची कचेरी होती, आणि १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कामही तेथूनच चाले. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींवर झालेल्या बेअब्रूच्या खटल्यात १९२६ साली पुण्याच्या सेशन्स कोर्टात अपील चालवून त्यांनी आरोपींची सुटका करविली. आणि संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांचीही बाजू मांडली. हा दुसरा खटला ते हरले. परंतु त्यातला विचार त्यांनी टाकून दिला नाही. चार वर्षांनी त्यांच्याच पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा प्रसार सरकारने करावा असा ठराव मुंबईच्या विधिमंडळात मांडला.

वकिलाची दृष्टी आणि पुढाऱ्याचे धैर्य यांची खरी परीक्षा झाली ती महाडास. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याल्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले. परंतु परिषद भरण्याच्या काही दिवस आधीच स्पृश्यांपैकी काहींनी दिवाणी कोर्टात दावा लावून, तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे जाण्याचा हक्क नाही असे म्हणत, तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. हजारो माणसे जमलेली, मने पेटलेली, पुष्कळांचा आग्रह तळ्यावर जायचाच. आणि अशा वेळी नेत्याने मिरवणूक तळ्याभोवती फिरवून पाण्याला हात न लावता परत आणली. या निर्णयाला काहींनी तेव्हा माघार म्हटले असेल. मला मात्र त्यात फार मोठा विवेक दिसतो, कारण ज्यांच्या पाठीशी संपत्ती नाही, शस्त्र नाही आणि लोकमतही नाही, त्यांना कायद्याचे राज्य हा एकच आश्रय उरतो, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने मोडू नये हे त्या गर्दीत उभे राहून सांगण्यास विलक्षण मनोबल लागते. मनाई हुकूम पुढे दोन महिन्यांत उठला. दावा मात्र महाडाहून ठाण्यास, ठाण्याहून मुंबईस असा प्रवास करीत राहिला, आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकाल दिला, की अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. पहिल्या सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी होण्यास तेव्हा तीनच दिवस उरले होते.

दरम्यान १९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून शपथ घेतली होती. नियुक्त सभासदाने सरकारच्या पंखाखाली बसावे अशी सामान्य अपेक्षा असते. यांनी पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना सरकारच्या सारावसुलीच्या धोरणावर टीका केली. आणि १९२८ च्या मार्चमध्ये जे विधेयक आणले, ते तर गावगाड्याच्या मुळालाच लागणारे होते. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा सरकारचा वतनदार नोकर. सरकारी टपाल पोहोचविणे, सारावसुलीच्या वेळी कुळांना चावडीवर हाकारणे, अंमलदार गावी आला की त्याच्या दिमतीस राहणे, हे सारे त्याच्याकडे. घटका ठरलेली नाही, दिवस-रात्र नाही, आणि वतनदार स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातल्या माणसाने चाकरीवर जायचे. या चाकरीचा मोबदला म्हणजे थोडी इनामी जमीन, नाममात्र रोकड आणि मुख्यतः गावकऱ्यांनी खळ्यावर द्यावयाचे बलुते. म्हणजे काम सरकारचे आणि पोट गावाच्या मर्जीवर. महाराने मान वर केली की गावाने बलुते बंद करावे, आणि त्याला दाद मागण्यास जागा नसावी! बलुत्याचे रूपांतर रोख करात करावे, आणि ज्याला चाकरी सोडावयाची असेल त्याने पुरा सारा भरून जमीन आपल्याकडे ठेवावी व मोकळे व्हावे, अशी त्या विधेयकातील तजवीज होती. विधेयक चिकित्सा समितीकडे गेले, अनुकूल कौलाची चिन्हे दिसेनात, आणि १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले.

युक्तिवाद कितीही बिनतोड असला तरी पाठीशी मतांचे बळ नसेल तर कौन्सिलात तो वाऱ्यावर जातो, हा धडा त्यांनी मनात साठविला असावा. कारण नव्या घटनेप्रमाणे निवडणुका येऊ घातल्या तेव्हा, १९३६ च्या ऑगस्टात, त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावात जात नव्हती, मजूर होता. जाहीरनाम्यात गिरणीकामगार, शेतमजूर आणि कूळ यांची गाऱ्हाणी होती. १९३७ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत पक्षाने उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. नाशकाचे भाऊराव गायकवाड, कोकणातील अनंतराव चित्रे आणि श्यामराव परुळेकर अशी भिन्न जातींची माणसे एका बाकावर बसली. स्वतः बाबासाहेब मुंबई शहरातून उभे होते, आणि त्यांच्याविरुद्ध काँग्रेसने ख्यातनाम क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. तरीही गिरणगावाने आपल्या वकिलाला निवडून दिले.

१७५ सभासदांच्या त्या असेंब्लीत हा गट लहानच होता, पण त्याने जे केले त्याला तोड नाही. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागांत सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सरकारात सारा तो भरी आणि त्याच्या कितीतरी पटींनी धान्य कुळाकडून उकळी. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून जमिनी पडीक ठेवून जो संप चालविला होता, त्याला कायद्याचे तोंड मिळाले ते या विधेयकात. खोताला वाजवी भरपाई आणि कसणाऱ्याला कब्जेदाराचा दर्जा, एवढे त्याचे सार. आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून व इतर जिल्ह्यांतून आलेल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेऊन त्यांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्यापुढे मागण्या ठेवल्या. त्याच वर्षी औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्काला वेसण घालण्याचे योजले, तेव्हा त्यांनी सभागृहात मांडलेला मुद्दा शुद्ध वकिली होता: काम सोडणे हा फार तर कराराचा भंग, त्याला गुन्हा ठरविणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे, आणि त्याचे दुसरे नाव गुलामी. विधेयक मंजूर झालेच. मात्र ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, कम्युनिस्टांशी असलेला मतभेद बाजूला ठेवून, त्यांनी त्यांच्याबरोबर मुंबईत एक दिवसाचा संप घडवून आणला.

या पक्षाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. त्याची मुळे मराठी जिल्ह्यांपलीकडे फारशी पसरली नाहीत, आणि काँग्रेसच्या बहुमतापुढे त्याची विधेयके कायद्याच्या पुस्तकात उतरली नाहीत. पुढे क्रिप्स योजनेच्या वाटाघाटींत जातवार प्रतिनिधित्वाचेच गणित चालते असे दिसून आल्यावर १९४२ च्या जुलैत नागपुरास शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले आणि मजूर पक्षाचे कार्य थांबले. एका जातीच्या पुढे जाऊ पाहणारा तो प्रयत्न असा आवरता घ्यावा लागला, याची मला आजही हळहळ वाटते. खोती मात्र शेवटी गेलीच. १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली, आणि त्या वेळी मुंबईचे मुख्यमंत्री पुन्हा बाळासाहेब खेरच होते. महार वतनाला त्याहून वेळ लागला. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, मूळ विधेयकाला तीस वर्षे झाल्यावर आणि ते मांडणाऱ्याच्या निधनानंतर दुसऱ्या वर्षी.