चव फुकट, जबाबदारी नाही

‘आधी चाखून बघा, मग घ्या,’ हे वाक्य आंबा महोत्सवात, शेतकरी आठवडे बाजारात किंवा बचत गटांच्या प्रदर्शनात पावलोपावली ऐकू येते. राज्य सरकारने २०१६ मध्ये फळे आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केल्यानंतर शहरांमध्ये असे थेट विक्रीचे बाजार वाढले. ग्राहकाच्या हातावर आंब्याची फोड किंवा चिमूटभर चटणी ठेवली, की निम्मा सौदा तिथेच होतो. पण चाखायला दिलेल्या त्या घासाने कुणी आजारी पडले, तर जबाबदारी कोणाची? ‘पैसे घेतले नव्हते’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ हा ऑगस्ट २०११ पासून देशभर लागू झाला. त्याच्या व्याख्येनुसार अन्न व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो कायद्याच्या कक्षेत येतो आणि अन्नाचे वितरण हाही त्या व्यवसायाचाच भाग ठरतो. या कायद्याने ग्राहकाची व्याख्या करताना अन्न विकत घेणाऱ्याबरोबरच ते स्वीकारणाऱ्याचाही विचार केला आहे. ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र मोबदला देणाऱ्यालाच ग्राहक मानले जाते. त्यामुळे फुकट चव घेणाऱ्याला तिथे दाद मागणे अवघड जाते. अन्न सुरक्षा कायद्याचा आधार त्याच्यासाठी म्हणूनच महत्त्वाचा आहे.

शेतकऱ्याला सूट कुठपर्यंत?

शेतकऱ्याने शेतस्तरावर पिकवलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही. कलम १८ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. मात्र ही सूट नैसर्गिक स्वरूपातील शेतमालापुरती समजणेच शहाणपणाचे. पेटीतला अख्खा आंबा आणि बाजारात सोलून, चिरून ताटलीत मांडलेल्या फोडी यांत फरक आहे. आमरस, लोणचे, चटणी, पापड, गूळपोळी हे तर सरळसरळ प्रक्रिया केलेले पदार्थ. ते तयार करून विकणाऱ्या किंवा वाटणाऱ्या छोट्या व्यावसायिकाने नोंदणी करणे बंधनकारक आहे. फेरीवाला आणि तात्पुरता स्टॉल लावणारा यांचाही कायद्यात नावानिशी उल्लेख आहे. राज्यात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे.

आंबा स्वतःच्या बागेतला असला, तरी तो पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाईड वापरता येत नाही. त्यावर बंदी आहे. मर्यादित प्रमाणात इथिलीन वायू वापरण्यास परवानगी आहे.

भरपाई किती?

असुरक्षित अन्नामुळे मृत्यू झाल्यास किमान ५ लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास ३ लाखांपर्यंत आणि अन्य इजेसाठी १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद कलम ६५ मध्ये आहे. ही जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्याप्रमाणेच वितरकावरही येते. दंड किंवा शिक्षा याशिवाय वेगळी. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

बचत गटांनी आणखी एक बाब ध्यानात ठेवायला हवी. दुसऱ्या कुणी बनवलेला पदार्थ स्टॉलवर ठेवला आणि त्याचा उत्पादक कोण हे सांगता आले नाही, तर जबाबदारी विक्रेत्यावर येते. बाजार भरवणाऱ्या संस्थेनेही जागा देताना नोंदणीची प्रत घ्यावी आणि हात धुण्याचे पाणी, कचऱ्याची सोय कोणी करायची, हे लेखी ठरवावे. उद्या वाद झाला, तर तो कागद उपयोगी पडतो.

काळजी कशी घ्यावी?

नमुने थोडे थोडे कापावेत आणि झाकून ठेवावेत. चिरलेली फळे व शिजवलेले पदार्थ उघड्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत. सुरी व फळी वेळोवेळी पिण्यायोग्य पाण्याने धुवावी. ग्राहकाला बरणीत हात किंवा उष्टा चमचा घालू देऊ नये. काडीने किंवा वेगळ्या चमच्याने विक्रेत्यानेच वाढावे. जुलाब, ताप किंवा हातावर उघडी जखम असलेल्या व्यक्तीने त्या दिवशी वाढण्याचे काम करू नये. चटणीत शेंगदाणे किंवा तीळ असल्यास ते आधी सांगावे, कारण काहींना त्यांची तीव्र ॲलर्जी असते. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, हेही मध विक्रेत्याने आवर्जून सांगावे.

योग्य ती सर्व दक्षता घेतल्याचे सिद्ध केल्यास तो बचाव कायद्याला मान्य आहे. म्हणूनच कोणता माल कुठून आला आणि कधी बनवला, याची साधी वही ठेवणे हिताचे. चव दाखवून जोडलेले गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात परत यावे, असे वाटत असेल, तर वहीच्या त्या चार ओळी लिहिण्याचा कंटाळा परवडणारा नाही.