एका खात्यातील अनेक सूर

निरनिराळ्या प्रांतांची, भाषांची नि धर्मांची माणसे एका ठिकाणी कामाला लागली की खटके उडायचेच, अशी तक्रार आपल्या शहरातील कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून नेहमी कानावर येते. जुन्या बडोदेकरांना मात्र ही गोष्ट नवी वाटू नये. गायकवाड सरकारचे कलावंत खाते म्हणजे अशा माणसांचाच मेळा होता.

त्या खात्यात उत्तरेकडचे खाँसाहेब होते, तसेच मराठी गवईही होते. १८८० साली पहिल्या चिमणाबाई महाराणी तंजावरहून सून म्हणून आल्या आणि त्यांच्या माहेरच्या नर्तकी-वादकांचे पथकही पुढे येथे नांदू लागले. जेवणखाण, सणवार, बोली, अदब, सारेच वेगळे. त्यात प्रत्येकाला आपल्या घराण्याचा अभिमान!

सयाजीराव महाराजांनी हा संसार दोन मार्गांनी सांभाळला. एक नियमांचा. १८९९ मध्ये कलावंत खात्याचे नियम छापून निघाले. नियम लेखी असला, की मर्जीतला आणि मर्जीबाहेरचा हा भेद निदान कागदावर तरी राहत नाही. दुसरा मार्ग माणसे निवडण्याचा. १८८६ साली गायनशाळा निघाली, ती मौलाबक्षांच्या हाती. घराण्याची विद्या स्वरलिपीत मांडून सर्वांना शिकवायची, ही कल्पना जुन्या उस्तादांना सहज पटणारी नव्हती. पण ती मांडणारा कोणी परका अधिकारी नव्हता. तो त्यांच्यातलाच नामांकित उस्ताद होता.

१९१६ साली येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पंडित भातखंडे तिचे प्रमुख सूत्रधार. श्रुतींवरून विद्वानांत मोठा मतभेद होता. तो दडपून न टाकता भर परिषदेत चर्चेला घेण्यात आला. मतभेद उघड्यावर मांडला म्हणजे त्यातले विष पुष्कळसे उतरते.

एवढे ठाऊक असूनही मी स्वतः चुकलो, तेही सांगितले पाहिजे. एका संस्थेत शुक्रवारी दुपारी दोनला माझी तालीम असे. तेथील वयोवृद्ध तबलजी दर खेपेस अर्धा तास उशिरा येत. मी हजेरीपटावर लाल खूण करीत असे. ते मुकाट्याने पाहत. पण ठेका कोरडा पडू लागला, मुलांचे गाणेही रंगेना. वार शुक्रवार आहे, हे मला दिसत नव्हते असे नाही. मी नियम धरून बसलो होतो. तीन महिन्यांनी एका विद्यार्थ्यानेच भीत भीत सांगितले, "सर, ते जुम्म्याची नमाज आटोपून येतात." मी वरमलो. त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली. ते एवढेच म्हणाले, "मास्टरजी, आप पूछते तो बता देता."

तालीम अडीचला ठेवली आणि तंटा मिटला.

माझे वडील दरबारात साथीला बसत. वर्षानुवर्षे ज्या गवयाची साथ केली, त्यालाही बैठकीपूर्वी ते विचारीत, "आज पट्टी कोणती?" गळा रोज सारखा नसतो, असे ते म्हणत. नियम सर्वांना एकच असावा, हे खरेच. पण तो लावण्यापूर्वी समोरच्याची पट्टी विचारावी. वडिलांना ते कधी कमीपणाचे वाटले नाही. मला मात्र ते कळायला तीन महिने लागले.