क्रिस्टलची बाटली

डेन्व्हरला अक्काकडे गेले होते. तिच्या गल्लीतल्या एक आजी वारल्या होत्या आणि त्यांच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. बशा, लोकरीचे गुंडे, जुने कोट. त्या पसाऱ्यात पिवळ्या पडलेल्या कडांचा एक खोका दिसला, त्यावर किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली. तिकडे औषधाच्या दुकानात गोळ्या-मलमांच्या शेजारी अत्तरंही मिळतात, तिथली चिठ्ठी. नाव वाचलं आणि हात थबकला: ‘फॉरेव्हर क्रिस्टल’.

मी पंचवीस वर्षं मालिकांचे कपडे बघते. ‘डायनॅस्टी’ आमच्या धंद्यातला धडाच आहे. १९८१ ते १९८९ चाललेली ही मालिका, त्यातलं गडगंज कॅरिंग्टन घराणं याच डेन्व्हरचं. त्यात क्रिस्टल झालेल्या लिंडा इव्हान्सचे खांदे मुळातच रुंद. दुसरा कुणी ते झाकत बसला असता. वेशभूषाकार नोलन मिलरने उलट त्यांना पॅड लावून आणखी उठाव दिला आणि ती जगभरची फॅशन झाली. नटीची जी अडचण वाटते, तिलाच पात्राची ओळख करायचं, हे मी त्याच्याकडून शिकले.

कपडे निदान दिसतात तरी. वास पडद्यावरून घरात कसा पोचवायचा? १९८४ मध्ये चार्ल्स ऑफ द रिट्झ या कंपनीने क्रिस्टलच्या नावाचं अत्तर काढलं आणि पुरुषांसाठी ‘कॅरिंग्टन’. जाहिरातीत पडद्यावरचे नवरा-बायको, जॉन फोर्सिथ आणि लिंडा, स्वतः होते. आपल्याकडे मराठी मालिकेतल्या जान्हवीचं मंगळसूत्र मागायला बायका सराफाकडे जात होत्या, तशातलाच हा प्रकार. पण मंगळसूत्र त्यांनी निदान पाहिलेलं होतं. क्रिस्टलचा वास कुणालाच ठाऊक नव्हता. तो कुणीतरी पात्राच्या स्वभावावरून ठरवला असणार. मला हे काम फार मोठं वाटतं.

अक्काच्या स्वयंपाकघरात बाटली उघडली. आतलं पाणी चहासारखं झालेलं. पहिला भपकारा नेलपॉलिशचा. अक्काने नाक मुरडलं, “टाकून दे गं.” मी थांबले. अत्तरातला वरचा, हलका भाग आधी बिघडतो; तळाचा जड भाग टिकतो. अर्ध्या तासाने मनगट नाकाशी नेलं तर पांढरी फुलं, थोडी पावडर, खाली जुन्या लाकडी कपाटासारखं काहीतरी. रात्री झोपेपर्यंत होतं ते.

बाटली गोरेगावला सेटवर नेली. मेकअप रूममध्ये आमच्या मालिकेतल्या सासूबाईंपुढे मनगट धरलं. त्या ज्येष्ठ नटी, सेटवर सगळ्यांच्या ताई; ‘डायनॅस्टी’ त्यांनी पाहिलेली नाही. डोळे मिटून त्यांनी दोनदा वास घेतला.

“श्रीमंताघरची आहे गं ही,” त्या म्हणाल्या, “पण नवऱ्याची वाट बघत बसते.”

माझ्या अंगावर काटा आला. सुरुवातीच्या भागांतली क्रिस्टल अगदी अशीच आहे: कामात बुडालेल्या नवऱ्याच्या, ब्लेकच्या, भल्यामोठ्या वाड्यात एकटी.

तेवढ्यात शॉट रेडीची हाक आली. ताईंनी एक थेंब कानामागे लावून घेतला. प्रसंग सासू-सुनेचा होता. सून झालेली मुलगी सकाळपासून वाक्यं नुसती म्हणून टाकत होती. ताई जवळ आल्या, आणि वाक्याच्या मध्येच तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तो टेक ओके झाला.