कुणी कुणाला खाल्लं?

दोन रॅपर मिळून अख्खा अल्बम काढतात तेव्हा तो मध्यरात्री मोबाइलवर येतो आणि सकाळी चहाच्या टपरीवर त्याचा निकालही लागलेला असतो. कराडच्या एसटी स्टँडवर, साताऱ्याच्या राजवाड्याबाहेर, कुपवाडच्या कारखान्यांत पाळीला निघालेल्या पोरांत सवाल एकच असतो: कुणी कुणाला खाल्लं? मग सुरू होतं, ‘तिसऱ्या गाण्यात विषय हार्ड केलाय भावानं’, ‘दुसऱ्याचं काय बी नाय लका, नुसता आरडाओरडा’, ‘बीट ऐक लगा, जाळ अन् धूर संगटच’. कुणी एकाची बाजू घेतो, कुणी दुसऱ्याची. आठवडाभर हे चालतं.

घरातल्या मोठ्यांना हा पोरखेळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही. या भांडणात कान आहे, पारख आहे, आणि ते आपल्या मातीत पहिल्यांदा होत नाही. म्हणून ही पोरं नक्की काय ऐकतात, ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी रचना पाहू. हिप-हॉप 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, गरीब वस्तीतल्या एका घरगुती पार्टीत जन्मलं असं मानतात. गाण्याच्या तळाशी ‘बीट’ असते, म्हणजे ठेक्याची आणि सुरावटीची पुन्हा पुन्हा फिरणारी चौकट. ती बनवणारा एक, तिच्यावर शब्द टाकणारा दुसरा. चार ठोक्यांचं एक आवर्तन, त्याला म्हणतात ‘बार’. रॅपरच्या वाट्याला साधारण सोळा बार येतात, मध्ये सगळ्यांच्या तोंडात बसेल असं ध्रुपद, की पुढच्याचे सोळा. ‘अंडरग्राउंड’ म्हणजे यामागे सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही. खोलीत लॅपटॉपवर बीट बनते, गाद्या-गोधड्या टांगून आवाज बंदिस्त केला जातो, आणि गाणं थेट लोकांत जातं. आता जोडीचा अल्बम म्हटला की एकाच बीटवर दोघांचे सोळा-सोळा बार शेजारी शेजारी येतात. तुलना टाळताच येत नाही.

पोरं सगळ्यांत आधी यमक तोलतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं. ‘सकाळी उठलो, कामाला गेलो, घामानं भिजलो, घरी परत आलो’ अशा चार ओळी कुणीही पाडेल. जाणता श्रोता याला दाद देत नाही, उलट ‘हे काय, शाळेची कविता?’ म्हणून पुढे ढकलतो. आता हाच विषय असा घ्या, मीच जुळवून पाहतो: ‘कुपवाडला रातपाळी, डोळ्यांखाली जाळी काळी, पगाराआधी आली दिवाळी’. क्रियापद शेवटून उठलं, ‘आळी’चा आवाज ओळीच्या पोटात शिरला आणि तिसऱ्या तुकड्यात पगार न झालेल्या कामगाराचं घर दिसलं. ओळ संपायच्या आत आवाज तीन-चारदा आपटतो आणि अर्थही पुढे सरकतो. पोरांना व्याकरणाचे शब्द ठाऊक नसतील, पण पहिल्या ओळींवर मान हलत नाही आणि दुसऱ्यांवर हात वर जातो, तो याच कारणाने. ठेक्याचंही तसंच. आठ मात्रांच्या केरव्यावर वाढलेला कान चार ठोक्यांच्या बीटवर सहज बसतो. शब्द ठोक्याच्या किंचित मागे ठेवून पुढची सम बरोबर गाठली, की ढोलकीवाल्याला मिळते तशीच दाद रॅपरला मिळते.

दुसरी गोष्ट बोलीची, आणि इथे माया जास्त गुंतलेली असते. 2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, 2019 मध्ये ‘गली बॉय’ हा सिनेमा आला, आणि रॅप घराघरांत पोचलं, पण मुख्यतः हिंदीतून. त्याच 2019 मध्ये मुंबईच्या ‘स्वदेशी’ या टोळीनं ‘द वारली रिव्हॉल्ट’ काढलं. मराठी रॅपच्या एकत्र कामाचा इतका चांगला नमुना माझ्या ऐकण्यात दुसरा नाही. एमसी मवाली मराठीत रॅप करणारा, सौरभ अभ्यंकर म्हणजे ‘हंड्रेड आरबीएच’ अमरावतीचा, वऱ्हाडी ठसक्याचा, एमसी तोडफोड गुजरातीत लिहिणारा. अशा टोळीनं या गाण्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं. गाणं त्यांच्या जमिनीचं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात पडली, आणि ज्यांनी गाणं आधी नुसतं ठेक्यासाठी ऐकलं होतं त्यांना ते पुन्हा ऐकावं लागलं. तोडफोड 2022 च्या मार्चमध्ये गेला, वय अवघं चोवीस.

वऱ्हाडी ठसक्याला जी दाद मिळाली ती आपल्याकडच्या पोरांनी जवळून पाहिली. त्यांचा रागही तिथूनच येतो. सातारा-सांगलीकडचा गडी माइकसमोर उभा राहिला की पुण्याची नाही तर मुंबईची जीभ का लावतो? ‘नाय’, ‘आरं’, ‘लका’, ‘कुठं निघालाईस’ हे घरी बोलायचं आणि रेकॉर्डवर पुसून टाकायचं, हे त्यांना खुपतं. अल्बममध्ये एखादी ओळ इकडच्या हेलात आली, की ती तेवढीच कापून आठवडाभर स्टेटसला राहते. या प्रतिक्रियेत मला सर्वांत जास्त जीव दिसतो.

आणि हा कान आला कुठून? आजच्या सांगली जिल्ह्यातले कित्येक तालुके 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यातच होते, मग दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. या पट्ट्यानं शाहिरीला दिलेली माणसं पाहा. तासगाव तालुक्यातल्या सावळजचे उमा-बाबू, ज्यांचा 1865 चा ‘मोहना-बटाव’ हा तमाशातला पहिला वग मानतात. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे. या सगळ्यांच्या आधीपासून गावोगाव कलगी-तुऱ्याचे सामने रंगत. तुरेवाले पुरुषतत्त्व, शिव मोठा म्हणणारे. कलगीवाले प्रकृती, शक्ती मोठी म्हणणारे. एका फडानं डफ-तुणतुण्यावर कूट, म्हणजे गाण्यातलं कोडं, घालायचं, दुसऱ्यानं त्याचं उत्तर गाण्यातच द्यायचं आणि उलट आपलं कूट टाकायचं. पहाट होईतो हे चाले. श्रोतेही वाटलेले असत, आणि कलगीचा की तुऱ्याचा हे कित्येक घरांत पिढीजात ठरलेलं असे.

अल्बमच्या भांडणाचं मूळ मला इथं दिसतं. फरक मात्र मोठा आहे. फडात समोरच्याची ओळ कानावर पडली की उत्तर तिथल्या तिथं सुचावं लागे, आणि लोकांचा हुंकार कमी पडला तर शाहीर चाल बदलत असे. रेकॉर्डवर ते होत नाही. दोघांनी आपापले सोळा बार कदाचित वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या महिन्यांत गायलेले असतात. पुष्कळ जोडीचे अल्बम मला त्यामुळेच फिके वाटतात. एकानं दुसऱ्याचं ऐकलंय असं जाणवतच नाही. पोरं ज्याला ‘नुसतं फीचर’ म्हणतात ते हेच, आणि त्यांचं बरोबर आहे.

कोण सरस हा सवाल कुठे थांबतो, तेही याच मातीनं दाखवलंय. सांगलीजवळच्या कवलापूरचे जुळे भाऊ लहू आणि अंकुश खाडे. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांच्या जोडीनं ते काळू-बाळू झाले, आणि लोकांनी पुढे त्यांना त्याच नावानं ओळखलं. एकाचं वाक्य दुसऱ्यानं तोडायचं, दुसऱ्याच्या मौनावर पहिल्यानं हशा घ्यायचा. काळू चांगला की बाळू, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातच येत नसे. उलट पठ्ठे बापूराव आणि त्यांच्या फडातली नर्तकी पवळा यांची जोडी फुटली तेव्हा दोघांचंही नुकसान झालं. 1945 मध्ये बापूराव पुण्यात वारले ते हलाखीतच.

काळू-बाळूंसारखंच मिळून काम करणारं लाल बावटा कलापथक अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 मध्ये उभं केलं. शब्द अण्णा भाऊंचे, आवाज अमर शेखांचा, असं पुष्कळदा होई, आणि गिरणगावातला कामगार दोन्हीला मिळून टाळी देई. स्वातंत्र्यानंतर सरकारनं या पथकावर बंदी घातली. खऱ्या अर्थानं भूमिगत व्हावं लागलेलं हे पथक होतं. अण्णा भाऊंनी तमाशाचं लोकनाट्य करून काम चालू ठेवलं. राज्यातल्या राजकारणावर रॅप केलं म्हणून 2023 मध्ये मराठी रॅपरांवर गुन्हे दाखल झाले, तेव्हा मला हे पथक आठवलं.

जोडीतला एक दुसऱ्यासाठी जागा करतो तेव्हा काय होतं, याचा गाजलेला दाखला अमेरिकेतला आहे. एमएफ डूम हा रॅपर आणि मॅडलिब हा बीट बनवणारा, यांचा ‘मॅडव्हिलनी’ 23 मार्च 2004 रोजी आला. पण कच्चं ध्वनिमुद्रण वर्षभराहून आधीच बाहेर फुटलं होतं. दोघं वैतागले, काम थंडावलं. पुन्हा हाती घेतलं तेव्हा डूमनं आवाज खाली आणला, बोलणं संथ केलं. तो पक्का अल्बम आज या प्रकारातला मानदंड समजला जातो, तरी आधीचा कच्चा, उसळता आवाज बरा होता म्हणणारे चाहते अजून आहेत. दोन्ही ऐकले तर मला संथ आवाज उजवा वाटतो. त्या खालच्या सुरात शब्दांतली गुंतागुंत वेचता येते आणि मॅडलिबच्या बीटला श्वास मिळतो, म्हणजे एकाने दुसऱ्यासाठी जागा केली. जोडीच्या कामात मी शोधतो ते हेच.

म्हणून एक मागणी आहे. साताऱ्याचं शाहू कला मंदिर आणि सांगलीचं विष्णुदास भावे नाट्यमंदिर यांनी वर्षातून एक रात्र या पोरांना द्यावी, आणि त्यांच्या समोर कलगी-तुऱ्याचे जे जाणते शाहीर अजून गातात त्यांना बसवावं. एका बाजूला डफ आणि तुणतुणं, दुसऱ्या बाजूला बीट. शाहिरानं कूट घालावं, रॅपरनं त्याच विषयावर आठ बारांत उत्तर द्यावं, मग उलटा सवाल टाकावा. पाठ करून आलेलं चालणार नाही, एवढीच अट. टपरीवरच्या पोरांना पुढच्या रांगेत बसवावं, कारण ओळ कुठे अडखळली ते सर्वांत आधी त्यांनाच कळेल, आणि ते ती तिथंच ओरडून सांगतील.