गोठवलेली न्याहारी : घरची, पौष्टिक व बेताच्या गोडाची



लागण, खोडवा, खते व पाणी यांबद्दल आम्ही या पानावर नेहमीच लिहितो. यावेळी विषय थोडा वेगळा, पण घरोघरचा आहे. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. पोरं नुसता चहा आणि खारी खाऊन निघतात. उकाड्यानं भाकरी नको म्हणतात आणि मधल्या सुट्टीत कुठल्या पाण्याचा ते ठाऊक नसलेला बर्फाचा गोळा खातात. त्यापेक्षा घरच्या फ्रीजमध्ये रात्री गोठवलेली न्याहारी केव्हाही बरी.

साहित्य (8 लहान वाट्यांसाठी) : 1 लिटर दुधाचे दही, 3 चांगली पिकलेली केळी, अर्धी वाटी नाचणीचे पीठ, मोठ्या लिंबाएवढा म्हणजे सुमारे 40 ग्रॅम गूळ, 4 चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, थोडी वेलची.

कृती : दही स्वच्छ फडक्यात बांधून चार-पाच तास टांगावे व चक्का करावा. नाचणीचे पीठ आधी 2 वाट्या गार पाण्यात कालवावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मग मंद आचेवर सात-आठ मिनिटे ढवळत शिजवावे. गूळ थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, कारण त्यात चिपाडाची कुसळे असतात. नाचणी पूर्ण निवली की चक्का, कुस्करलेली केळी, गूळ, कूट व वेलची घालून घोटावे. वाट्यांत भरून झाकण ठेवून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. दोन तासांनी एकदा चमच्याने हलवावे. सकाळी खाण्याआधी दहा-पंधरा मिनिटे बाहेर काढून ठेवावे.

हे हलवायचे कशासाठी? नुसते पाणी 0 अंश सेल्सिअसला गोठून दगड होते. त्यात साखर विरघळली की ते त्याहून खाली गोठते व मऊ राहते. बाजारच्या गार पदार्थांत गोड भरपूर असते, त्याचे हेही एक कारण आहे. आपण गूळ कमी घालतो, म्हणून मऊपणा चक्का व केळ्यांतून आणायचा आणि हलवून बर्फाचे खडे मोडायचे. केळे पिकताना त्यातल्या पिठाची साखर होते. म्हणून ठिपके पडलेले केळे घ्यावे, गूळ आपोआप कमी लागतो.

आता कुणी म्हणेल, कारखान्याचा माणूस आणि गोड कमी खा म्हणतो? होय, म्हणतो. ऊस आपले पीक आहे, पण पोरांची तब्येत त्याहून मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले, की वरून घातलेल्या साखरेची ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत असल्यास अधिक चांगले. मोठ्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. दोन-दोन चमचे साखरेचे तीन कप चहा झाले की हा हिशेब तिथेच संपतो! गूळही याच हिशेबात धरायचा. आपल्या एका वाटीत तो फक्त 5 ग्रॅम जातो. नाचणीत मात्र 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलीग्रॅम कॅल्शियम आहे. दह्यातून प्रथिने मिळतात आणि दाण्यांतूनही.

काळजी घ्यावयाच्या गोष्टी :

1) गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त त्यांची वाढ थांबते. म्हणून पाणी व दूध उकळलेलेच वापरावे. हात व भांडी स्वच्छ असावीत.

2) वीज जाऊन पदार्थ वितळला, तर तो पुन्हा गोठवू नये. गार आहे तोवर लगेच खावा. बराच वेळ कोमट राहिला असल्यास टाकून द्यावा.

3) लहान मुलांसाठी दाण्याचे कूट अगदी बारीक करावे, अख्खे दाणे घालू नयेत. दाणे सोसत नसतील त्यांनी कूट वगळावे.

4) मधुमेह असलेल्यांनी गूळ घालू नये व केळ्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

रविवारी एकदा केले की तीन-चार सकाळी भागतात. तरी सभासद भगिनींनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा व आपला अनुभव गट ऑफिसात कळवावा, ही विनंती.

– ऊस विकास अधिकारी