थ्रेड बनवला, तरी खिडकी गोठली!

आजचा विषय डेस्कटॉप अ‍ॅप लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी रडवतो. थ्रेड!

एका दुकानासाठी मी क्यूटीमध्ये बिलिंगचं अ‍ॅप लिहिलं होतं. वर्षाचा हिशेब काढायचं बटण दाबलं की खिडकी गोठायची. म्हटलं, सोपंय. क्यूथ्रेडचा सबक्लास केला, हिशेबाचं काम त्यात स्लॉट म्हणून टाकलं, थ्रेड स्टार्ट केला. दुकानदारासमोर बटण दाबलं, तर खिडकी तशीच गोठलेली! काउंटरवर गिऱ्हाइकांची रांग आणि मी घामाघूम.

चुकलं कुठे? अ‍ॅपचा एक मुख्य थ्रेड असतो. खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं, सगळं तोच करतो. त्याच्यावर जड काम टाकलं की बाकी सगळं अडतं. म्हणून दुसरा थ्रेड हवा. पण क्यूथ्रेडचं ऑब्जेक्ट म्हणजे थ्रेड नव्हे. ते मुकादम आहे, मजूर वेगळा! मुकादम जिथे बनवला तिथेच राहतो, म्हणजे माझ्या अ‍ॅपात मुख्य थ्रेडमध्ये. नव्या थ्रेडमध्ये चालतं ते फक्त रन हे फंक्शन आणि त्यातून बोलावलेला कोड. सिग्नल आल्यावर माझा स्लॉट चालला तो मुकादमाच्या जागी!

मग करायचं काय? दोन वाटा आहेत.

एकच मोठं काम सुरू करून संपवायचं असेल, तर सबक्लास करा आणि काम रनमध्ये लिहा. पण बोलवायचं स्टार्टला. रन थेट बोलावलं, तर ते बोलावणाऱ्याच्याच थ्रेडमध्ये चालतं.

सिग्नल येईल तसं काम करायचं असेल, तर क्यूऑब्जेक्टपासून वेगळा वर्कर क्लास बनवा आणि मूव्हटूथ्रेडने त्याला नव्या थ्रेडमध्ये पाठवा. त्याला पेरेंट देऊ नका, नाहीतर तो जागचा हलत नाही. क्यूटी ४.४ पासून, म्हणजे २००८ पासून, रन स्वतःच इव्हेंट लूप चालवतं, त्यामुळे इथे सबक्लास लागतच नाही.

दोन पथ्यं पाळा. खिडकीतल्या कुठल्याही विजेटला दुसऱ्या थ्रेडमधून हात लावायचा नाही, फक्त सिग्नल पाठवायचा. आणि अ‍ॅप बंद होताना थ्रेडला क्विट सांगून वेट करायचं, नाहीतर चालू थ्रेडचं ऑब्जेक्ट नष्ट होऊन अ‍ॅप कोसळतं.

त्या दुकानात शेवटी मी वर्कर वापरला. हिशेबाला वेळ पूर्वीइतकाच लागतो बरं का! पण तोवर बिलं फाडणं थांबत नाही.

भेटू पुढच्या भागात!